भोकांचं वजन

...नाही नाही, आधी बसा तुम्ही. त्या स्टुलावर नाही जी, तिथं ग्रीस सांडलं आहे, पँट खराब होईन — इकडं, पंख्याखाली बसा. मशीन मंग पाहा, मशीन कुठी पळून चालली नाही. बाप्पा! आल्या आल्या ना नमस्कार ना काही, सरळ मशीनपाशीच जाऊन उभे राहिले तुम्ही, अन् वाकून वाकून काय पाहून राहिले? केयूर साहेबानं एवढी तपासणी कराले सांगितली का? आमची लेझर मशीन त्यांची जाळी कापू शकते का नाही, हेच पाहाचं असन, तर कापू शकते, आरामात कापते, तो प्रश्नच नाही. प्रश्न दुसराच आहे. अकराचा टाइम दिला होता त्यांच्या ऑफिसनं — माणूस पाठवतो, बसून फायनल करून टाका म्हणे — अन् आता बारा वाजून गेले. असू द्या. नागपूरच्या उन्हात कोण टाइमावर येते? पाणी घ्या, माठातलं आहे. मी दीक्षा, गोपाळरावची पोरगी. हे दुकान बाबाचं, नाव आईचं — तुळसा फॅब्रिकेशन, बोर्ड पाहिलाच असन तुम्ही — अन् दर-भावाचं सगळं मी पाहते. नाही, थांबा, तुम्ही काही सांगू नका आधी. तुमचं मी सगळं ऐकीन. पण बाबा आत्ता काट्यावर गेले आहे, एक गेट वजन कराले, अर्ध्या तासात येतीन, अन् ते येतीन त्याच्या आधी मले तुमच्यासंगं बोलाचं आहे. ते आल्यावर हा विषय काढाचा नाही. एवढं ऐकान न माहं?

मंग ऐका. पारशिवनीच्या पुढं तुमचं ते रिसॉर्ट बांधून राहिले, त्याची जाळी. साठ पत्रे. ड्रॉइंग मी पाहिलं, सुंदर आहे, खोटं नाही बोलत — सागाची पानं, लहान-मोठी, एकावर एक पडल्यासारखी, अन् एकेका पानात शिरा. संध्याकाळी मागून लाइट लावला तर लोकं फोटो काढत बसतीन. पण ज्यानं हे ड्रॉइंग काढलं त्यानं कधी मशीनजवळ उभं राहून पाहिलं आहे का? नाही पाहिलं. एकेक शीर म्हणजे एकेक वेगळी चीर. प्रत्येक चिरेसाठी मशीन थांबते, पत्र्याले टोचते, आरपार झालं की मंग फिरते, परत थांबते, परत टोचते. एका पत्र्यात असे किती टोचे आहे, माहीत आहे? मी मोजाले बसली होती, अर्ध्यातच सोडून दिलं, डोळे फिरले. सकाळी पत्रा चढवला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोच चालू राहीन. गॅस जळून राहिला, वीज जळून राहिली, नोझल झिजून राहिलं. अन् याचा भाव काय ठरला? किलोवर! किलोवर ठरला जी!

तुम्ही हसून नाही राहिले, म्हणजे तुमाले समजलं. का नाही समजलं? बरं, सांगते. आमच्या धंद्यात जुनी रीत आहे — गेट असो, ग्रिल असो, जिना असो, बनवलेल्या मालाचा भाव किलोवर. माल तयार झाला की काट्यावर ठेवाचा, गिऱ्हाइकासमोर वजन कराचं, जेवढे किलो तेवढे पैसे. गेटले हे बरोबर आहे. गेट जेवढं भारी तेवढं त्याच्यात लोखंड जास्त, तेवढीच वेल्डिंग जास्त, मेहनत जास्त. सरळ हिशोब. पण जाळीचं उलटं आहे न! आठ बाय चारचा तीन एमएमचा पत्रा सत्तर किलो येते. आम्ही पैसे सत्तरचे देतो. पानं कापून खाली पडली की हातात चाळीसही राहत नाही. म्हणजे जेवढी भोकं जास्त तेवढं वजन कमी, अन् जेवढी भोकं जास्त तेवढी मशीन जास्त चालते. काम वाढून राहिलं अन् भाव घसरून राहिला. भोकाचं वजन काय? काहीच नाही. अन् मेहनत सगळी भोकातच. तुम्ही म्हणान, खाली पडलेले तुकडे तर तुमचेच — हो, आमचेच, ते भंगारात जाते, भंगारवाला काय देते ते साऱ्या उप्पलवाडीले माहीत आहे. त्यानं काही भरून निघत नाही. म्हणून लेझरचं काम कोणीच किलोवर घेत नाही. पत्र्याचा भाव वेगळा, कटिंग मीटरवर — चीर जेवढी लांब तेवढे पैसे — अन् टोच्यांचे मोजून वर. शहरात कोणालेही विचारा, हिंगण्याले विचारा, बुटीबोरीले विचारा. केयूर साहेबाले हे माहीत नव्हतं? एवढी मोठी कामं करते ते. माहीत होतं. म्हणूनच मी नव्हती त्या दिवशी आले, मी खाप्याले मावशीकडे गेली होती, अन् बाबासंगं बसून चहा पिऊन भाव ठरवून गेले.

काय म्हटलं? मशीन कितीची? म्हणजे किती जुनी आहे? हे मध्येच काय काढलं तुम्ही! — आलं लक्षात. मशीन जुनी, म्हणून भाव कमी लावा, असंच न? हे पाहा, मशीन लॉकडाऊननंतर घेतली, नवी कोरी घेतली, सेकंड हँड नाही. मागच्या वर्षीच हप्ते संपले अन् पूर्ण आमची झाली. ज्या दिवशी हप्ते संपले त्या दिवशी बाबानं मशीनले हार घातला अन् लाइनीतल्या सगळ्या दुकानाइले पेढे वाटले, मी म्हटलं बाबा लग्न लागून राहिलं का मशीनचं, तर म्हणे, हो, तुह्या आधी हिचं लागलं. लेन्स बदलली आहे, सर्व्हिसिंग वेळेवर होते, कव्हर नेहमी घातलेलं असते. आतापर्यंत किती तास चालली ते वर मीटरवर दिसते, उठू नका, मी सांगते न. तुम्ही भावाचं बोला. मशीनमध्ये खोट काढून भाव पाडाचा हा प्रकार माह्यासंगं नाही चालत. समोरून गोड बोलणारे बहुत पाहिले मी.

रागावू नका. मी रागात नाही — आहे, रागात आहे, खोटं काहून बोलू? दोन रात्री झोप नाही मले. या भावात साठ पत्रे कापले तर दुकान बसन. बसन म्हणजे बसनच, मी सगळीकडून करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. पत्र्याचे पैसे आधी द्या लागते, गॅसवाला उधार देत नाही, दोन कारागीर आहे त्यांच्या घरी चूल पेटली पायजे. दिवाळीपर्यंत शटर खाली. पंधरा बाय वीसच्या शेडपासून बाबानं सुरू केलं होतं हे, गॅस कटर हातात घेऊन, डोळ्यात ठिणग्या घेऊन — अन् एका जाळीसाठी बंद पडन! तुमच्या साहेबाले त्या जाळीत जे वाचन ते त्यांच्या रिसॉर्टच्या एका बाथरूमात खर्च होते. आमचं सगळं जाईन त्याच्यात.

तुम्ही म्हणान, मंग नाही म्हणा, सांगा की भाव चुकला. बरोबर आहे, दुसऱ्या दुकानात असंच करते. पण बाबानं शब्द दिला न! तुमाले माहीत नाही गोपाळराव म्हणजे काय माणूस आहे. दोन हजार एकवीसमध्ये लोखंड पेटलं होतं, रोज भाव वर, तेव्हा एका शाळेच्या जिन्याचा भाव आधी ठरला होता. लाइनीतले सगळे म्हणे, गोपाळराव, बदलून घ्या, शाळावाले समजतीन. नाही बदलला. घरात महिनाभर भाजी कमी अन् वरण जास्त, पण जिना त्याच भावात दिला. त्याच्यावर आजपर्यंत कामं येते आमाले. लोकं ड्रॉइंगही दाखवत नाही, म्हणते, गोपाळराव, तुम्ही जे म्हणान ते. आता मी केयूर साहेबाले फोन करून म्हटलं का बाबा चुकले, तर दोन गोष्टी होतीन. एक म्हणजे बाबाचा शब्द गेला. अन् दुसरी — दुसरी म्हणजे साऱ्या मार्केटमध्ये होईन का गोपाळराव आता —

काही नाही. काही म्हणत नव्हती मी. पंखा वाढवू का? घाम येऊन राहिला तुमाले.

चुकले म्हणजे काय जी, कोणीही चुकते. उन्हाचे दिवस आहे. वय झालं. बाबाले काहीच झालं नाही, हे लिहून घ्या. मागच्या महिन्यात डॉक्टरकडे नेलं होतं ते बीपीसाठी, दुसरं काही नाही, अन् डॉक्टरनं घड्याळ काढाले लावलं, शंभरातून सात-सात वजा कराले लावलं, ते तर सगळ्याइलेच लावते. बाबा हसले त्याले. म्हणे, मॅडम, मी आयुष्यभर एमएममध्ये वजा-बेरीज केली, मले सात काय विचारता. पण — पण केली नाही त्यांनी वजाबाकी. हसून टाळून दिली. मले समजलं. बाहेर आल्यावर रिक्षात बसले तर मले म्हणे, दीक्षा, ते घड्याळ मी मुद्दामच वाकडं काढलं. मी म्हटलं हो बाबा, मले माहीत आहे. काय म्हणाचं मंग?

आता बोललीच आहे तर ऐकून घ्या, पण साहेबाले सांगाचं नाही, आईची शपथ आहे तुमाले. हे दोन वर्षांपासून चालू आहे. आधी बाबा पत्र्याले टिचकी मारून सांगत होते, हा तीनचा, हा चारचा, आवाजावरून. कधी चुकत नव्हते. मी लहान होती तेव्हा डोळे बांधून त्यांची परीक्षा घेत होती, अन् ते मुद्दाम उशीर लावाचे, म्हणजे मले वाटावं का आता हरले. मंग एक दिवस पाचच्या प्लेटले टिचकी मारली अन् म्हणे तीनचा. कारागीर माह्याकडे पाहाले लागले. मी म्हटलं हो, बरोबर आहे बाबा, अन् मागून इशारा केला का कोणी काही बोलू नका. मंग एका बाईले गेटचा भाव सांगितला — मी शाळेत होती तेव्हाचा भाव. ती बाई तर खुशच झाली न! मी गेट त्याच भावात दिलं. मंग अजून एक गेट. मंग एक पाण्याच्या टाकीचा स्टँड. फरक मी माह्या शिकवण्यांमधून भरला — संध्याकाळी पोट्ट्याइले गणित शिकवते मी, बाबाले वाटते टाइमपास आहे. दुकानाच्या फोनवर मी बोलते. गिऱ्हाईक आलं का मी आधी पुढं होते. भाव फक्त व्हॉट्सअॅपवर मिळतीन, असा बोर्डही लावून दिला बाहेर. बाबा म्हणे हे काय नवीन, मी म्हटलं आजकाल असंच चालते बाबा. सगळं झाकून ठेवलं होतं मी, कोणाले पत्ता नाही, संघपालालेही पूर्ण नाही सांगितलं. संघपाल म्हणजे माहा मोठा भाऊ, पुण्याले आहे, कंपनीत. त्याले अर्धंच सांगितलं तर तो म्हणे, विकून टाका न सगळं, बाबाले इकडं आणा. विकून टाका! वन बीएचकेमध्ये बाबा दिवसभर काय करतीन? गॅलरीतून लोकाइच्या ग्रिल मोजतीन?

बाबा इथं आहे म्हणून बाबा आहे, समजलं का? सकाळी नऊले शर्ट इस्त्रीचा, खिशात टेप, शटर स्वतः वर करते. शटर वर झालं का मशीनवर हात ठेवून एक मिनिट उभे राहते, मंग चहा. त्या चहापर्यंत ते एकदम आधीसारखेच असते. मले वाटते, हे शटर ज्या दिवशी वर होणार नाही, त्या दिवसापासून बाबा मले ओळखणार नाही. डॉक्टरनं असं नाही म्हटलं. मलेच वाटते. रात्रंदिवस तेच वाटते.

रडून नाही राहिली मी. लोखंडाची धूळ आहे, डोळ्यात जाते.

अन् मी काय केलं ते सांगू तुमाले? बाबाची एक रीत आहे. भाव ठरला का ते कागदावर लिहीत नाही. त्या कामाचा पहिला पत्रा भिंतीले टेकवते, त्याच्यावर खडूनं आकडा लिहिते, मोठ्या अक्षरात, गिऱ्हाइकासमोर. काम संपेपर्यंत तो आकडा पुसाचा नाही. कारागीरही पत्रा हलवतीन तर आकडा जपून हलवते. लाइनीत सगळ्याइले माहीत आहे, गोपाळरावचा खडू पक्का. तुमच्या जाळीचाही लिहिला होता, तो पाहा, तो तिसरा पत्रा, तिथं. दिसून नाही राहिला न आकडा? कसा दिसन. काल सकाळी बाबा येतीन त्याच्या आधी मागच्या दारानं येऊन मी ओल्या फडक्यानं पुसला. तीस वर्षात पहिल्यांदा कोणी पुसला असन. वाटलं, बाबाले आता आठवणारच नाही, म्हणतीन लिहाचं राहिलं असन, मंग मीच नवीन भाव लिहून टाकीन, मीटरवर. एवढी हुशार मी!

बाबा आले. पत्र्यासमोर उभे राहिले. चष्मा काढला, शर्टानं पुसला, परत घातला. पत्र्यावर बोट फिरवलं, बोट पाहिलं. पत्रा अजून ओलसर होता जी, मी नीट वाळवलाही नव्हता. मंग माह्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. चहाही नाही घेतला. बाहेर निंबाखाली जाऊन खुर्ची टाकली अन् कोणाले तरी फोन लावून बसले, बराच वेळ. संघपालाले लावला असन, माही तक्रार कराले. करू द्या. मले माहीत आहे मी चुकली. पण त्यांनी ओळखलं न! आकडा काय होता ते कदाचित नाही आठवलं, पण मी पुसला, अन् काहून पुसला, हे बरोबर ओळखलं.

म्हणून म्हणून राहिली मी का, आता सगळं तुमच्या साहेबाच्या हातात आहे. मी भाव बदला म्हणून म्हटलं तर बाबाचा शब्द मोडते. पण साहेबानं स्वतःहून म्हटलं का, गोपाळराव, आम्हीच चुकलो, जाळी किलोवर देणं आमालेच बरोबर नाही वाटलं, मीटरवर घ्या — तर कोणाचंच काही जात नाही. बाबाचा शब्दही राहते, दुकानही राहते. नफा नको मले. खर्च निघाला तरी बस आहे. मी तर म्हणते टोच्यांचे पैसेही सोडून देते. बाबा आले का तुम्ही फक्त एवढं म्हणा का साहेबानं असं सांगून पाठवलं. एवढंच. बोला. आता बोला तुम्ही, मी चूप बसते. मघापासून तुमच्या तोंडात काहीतरी येऊन राहिलं अन् मीच बोलू देऊन नाही राहिली. काय म्हणाचं आहे? साहेब मानतीन का?

हे काय? कार्ड? कार्ड कशाले, साहेबाचा नंबर आहे माह्याकडे —

जुन्या मशिनरीची... खरेदी-विक्री. कळमना.

तुम्ही केयूर साहेबाकडून नाही आले?

मंग... मंग एवढा वेळ तुम्ही — नाही, बरोबर आहे, मीच बोलू नाही दिलं. तुम्ही तर आल्या आल्या मशीनच पाहून राहिले होते. मीटर पाहाले उठले होते तुम्ही. माय वं. अन् मी तुमाले सगळं — घड्याळाचं, गेटचं — सगळं सांगून बसली.

कोणी बोलावलं तुमाले? संघपालानं? पुण्याहून फोन आला होता का? नाही? मंग —

गोपाळरावनं. स्वतः.

कधी? ...काल. काल सकाळी. काय म्हणे ते? जसंच्या तसं सांगा, काही लपवू नका... "भाव सांगणं आता माह्यानं होत नाही." असं म्हणे? असंच म्हणे? ..."पोरगी लपवून लपवून थकली, तिच्या गळ्यातला फास काढाचा आहे." पुढं?... "ती दुकानात नसन तेव्हा या, पण ती नसते असं कधी होतच नाही, तर असेच या." बस. बस करा, समजलं मले.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. गेटचंही माहीत होतं, स्टँडचंही. मी मागून इशारे करून राहिली अन् ते समोरून पाहून राहिले. बीपीचा डॉक्टर म्हटलं तर बीपीचा म्हणून चूपचाप आले माह्यासंगं. दोन वर्षं मले वाटून राहिलं का मी त्यांना सांभाळून राहिली.

थांबा. ऐका. ऑटो थांबला न बाहेर? — बाबाच आहे. गेट उतरवतीन, ऑटोवाल्याले पैसे देतीन, त्याच्यासंगं भावावरून जरासं भांडतीन, तेवढाच वेळ आहे. भाऊ, माहं एक काम करा. बाबानं तुमाले पाहिलं नाही न कधी? फोनवरच बोलले न? मंग ते कार्ड आधी खिशात ठेवा. ठेवा न! तुम्ही केयूर साहेबाचे माणूस आहे. दहा मिनिटांसाठी व्हा. मी म्हणीन का साहेबानं मीटरवर भाव मानला, तुम्ही फक्त मान हलवा. तोंडानं काही बोलू नका, ते आवाज ओळखतीन, आवाज अजून बरोबर ओळखते ते. जाळीचा भाव नीट झाला म्हटलं तर मशीन विकाची गरजच नाही उरत, समजलं? ते या जाळीपाईच विकून राहिले. केयूर साहेबाकडे मी आजच जाते, पाय धरीन, दरवाज्यात बसीन, काहीही करीन, ती माही चिंता. तुमचं गेलेलं पेट्रोल मी देते. अजून काय पायजे ते देते. पण मशीनवर हात ठेवू नका आता, तिकडं पाहूही नका. इकडं पाहा, माह्याकडे. पाणी प्या. गिलास धरा हातात.

या बाबा! झालं का वजन? किती भरलं? ...बसा न आधी, घाम किती आला आहे. — हे? हे केयूर साहेबाकडून आले आहे, जाळीसाठी. हो, तेच, पारशिवनीचं. मघापासून तुमचीच वाट पाहून राहिलो आम्ही. एक चांगली गोष्ट झाली बाबा. साहेबानं स्वतःहूनच सांगून पाठवलं का किलोवर नको, मीटरवर घ्या, गोपाळरावचं नुकसान नाही झालं पायजे म्हणे. मी काहीच नाही म्हटलं, त्यांनीच म्हटलं. हो न भाऊ?

हो न?

असं नाही बाबा, ते जरा कमी बोलते. उन्हातून आले आहे. नाही, मी काहून खोटं बोलीन... त्यांनाच विचारा न तुम्ही.

भाऊ, बाबा तुमालेच विचारून राहिले.